एरंडेलाचा वेग

राजापेठेतील व्यापारी कुटुंबांत एरंडेलाची ओळख साठवणीच्या धान्यामुळे. गहू आणि तुरीची डाळ कोठीत भरण्यापूर्वी दाण्यांना एरंडेलाचा हात लावला की कीड धरत नाही, आणि कीडच नसली की निवडताना जीवहिंसेचा दोषही टळतो. हेच तेल एके काळी शर्यतीच्या गाड्यांत जळत होते, हे सांगितले तर घरातील वडीलधाऱ्यांना थट्टा वाटेल.

त्या गाड्या हातभर लांबीच्या. 1930 नंतर अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, हा छंद फोफावला. आत पेट्रोलचे खरेखुरे इंजिन, मोठ्यात मोठे सुमारे 10 घनसेंटिमीटरचे. चालक नाही, सुकाणू नाही. वर्तुळाकार मार्गाच्या मध्यभागी खांब, खांबाला पोलादी तार आणि तारेच्या टोकाला गाडी. काठीने ढकलून दिली की ती एकटीच फिरू लागे. तिचा प्रतिस्पर्धी म्हणजे घड्याळ. ताशी 100 मैलांचा टप्पा या ‘खेळण्यां’नी 1950 पूर्वीच ओलांडला होता! 1947 च्या सुमारास ग्लो प्लग आला, ठिणगीसाठी लागणाऱ्या बॅटरीचे ओझे गेले आणि मिथेनॉल हे इंधन रूढ झाले. मिथेनॉलमध्ये खनिज तेल विरघळत नाही. एरंडेल विरघळते, आणि प्रखर उष्णतेतही धातूवरील त्याचा थर टिकतो.

वेगाचे वेड वऱ्हाडालाही आहेच. तळेगाव दशासरचा शंकरपट कोणाला ठाऊक नाही? बैलांच्या शर्यतींवर 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. पुढे 18 मे 2023 रोजी त्याच न्यायालयाने महाराष्ट्राचा सुधारित कायदा वैध ठरवला. शेतकऱ्याची आपल्या जोडीवरील माया खोटी नव्हे. तरीही पराणीची टोच पाहून जैन मन आक्रसते, आणि कायद्याच्या संमतीने ते सैल होत नाही. मुलांना मात्र शर्यत हवीच असते. नुसत्या निषेधाने त्यांची हौस फिटत नाही. तारेच्या गाडीत धावणारे यंत्र होते, आणि त्यासाठी रात्र रात्र लेथवर घाम गाळणारा माणूस स्वखुशीने राबत होता. तार तुटली तर धोका असे, कानठळ्या बसत, हे खरे. पण कोणाही मुक्या जीवाला फटका बसत नव्हता.

पुढे तयार गाड्या आल्या, मग रेडिओ नियंत्रण आले, आणि घरी इंजिन घडवणारे हात कमी झाले. युरोपात काही मंडळी अजून तारेवरच गाड्या पळवतात, त्याही ताशी 300 किलोमीटरच्या पुढे. आणि जगाला लागणारे बहुतांश एरंडेल आजही भारतातूनच, त्यातही मुख्यतः गुजरातेतून जाते.