पूर्णा गावचे पाणी आणि विहारातला नकाशा

पूर्णा म्हटले की मराठवाड्यातल्या माणसाला परभणी जिल्ह्यातले रेल्वेचे जंक्शन आठवते. माझी मावशी पोटापाण्यासाठी पूर्णेला राहायला गेली असे कळले, तेव्हा आमच्या आजीला वाटले, लेक जवळ आली. पण ही पूर्णा वेगळी. ठाण्याहून जुन्या आग्रा रोडने निघाले, कशेळीचा खाडीपूल ओलांडला, की काल्हेर लागते. त्याच्या पुढे, अंजूरफाट्याच्या अलीकडे, भिवंडी तालुक्यातली ही पूर्णा. इथे जंक्शन नाही, पण देशभरचा माल इथून हलतो.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामेच गोदामे. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल साठवणे परवडायचे, म्हणून ही गोदामे वाढली. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, मुंबईची जकात गेली; गोदामे मात्र राहिली आणि आणखी वाढली. त्यांत ओझी उचलणारे, ट्रक भरणारे, पॅकिंग करणारे हात आपल्यासारख्यांचे. मावशीचे यजमान हमाली करत, आता मुलगा करतो.

हा सगळा खाडीकाठचा सखल मुलूख आहे. एका बाजूला उल्हास नदीची खाडी, तर भिवंडी शहराच्या अंगाने येऊन खाडीला मिळणारी कामवारी नदी. इथली भातखाचरे आणि खाजणे पावसाचे पाणी पोटात घेत, आणि ओहोटी लागली की ते हळूहळू खाडीत सोडत. आता बऱ्याच ठिकाणी भराव टाकून वर सिमेंट झाले आहे. पाऊस पडायचा थांबला नाही. फक्त त्याची बसायची जागा गेली.

मी गेले ती वर्षावासात. विहारात संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते. वाचन संपले, त्रिशरण झाले, आणि बाहेर पावसाने जोर धरला. तशी मावशी सहज म्हणाली, "दोन हजार पाचला असाच लागला होता बघ."

२६ जुलै २००५. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कल्याण, भिवंडी, बदलापूर हा पट्टाही बुडाला. मावशीने सांगितले, "पाणी खिडकीच्या खालच्या गजाला लागलं होतं. लेकरं फळीवर बसवली. भांडी गेली, धान्य गेलं, त्याचं काही नाही. पोराचा जातीचा दाखला भिजला, तो परत काढायला दोन वर्षं हेलपाटे घातले."

एकीने सांगितले तशी दुसरी बोलू लागली. कुणाच्या दारात किती, कुठल्या बोळातून आधी, कितीला चढले, कितीला उतरले. वस्तीतला एक मुलगा कॉलेजात भूगोल शिकतो. तो म्हणाला, "हे नुसतं बोलून विरून जाईल. आपण काढू या." बायकांनी रांगोळीचा डबा आणला आणि विहाराच्या फरशीवर वस्तीचा नकाशा उमटू लागला. नाल्याला निळा रंग, रस्त्याला पांढरा, घराला विटेचा तुकडा. पाणी घोट्यापर्यंत आले तिथे एक खडा, गुडघ्यापर्यंत दोन, कमरेपर्यंत तीन.

मुलाने मोबाइलवर उपग्रहाचा उंचीचा नकाशा उघडला. त्यात मागची गल्ली वस्तीत सर्वांत उंच दिसत होती. मावशी हसली. "अरे, सगळ्यात आधी पाणी तिथंच येतं." दुसऱ्या दिवशी उजेडी सगळे जाऊन पाहून आले. गल्लीमागच्या प्लॉटवर भराव पडला होता आणि जुन्या मोरीचे तोंड त्याखाली बुजले होते. उपग्रहाला भराव दिसला. बुजलेली मोरी दिसली नाही. शिवाय फुकट मिळणाऱ्या अशा नकाशांत उंचीची काही मीटरची चूक असू शकते, आणि आपला प्रश्न तर फूट-दीड फुटाचा असतो!

पण चूक काही एकट्या मोबाइलची नव्हती. "२००५ साली विहाराचा ओटा कोरडा होता, पुन्हा तसं झालं तर इथंच यायचं," असे सगळे जण सांगत होते. वस्तीतल्या गवंड्याने पारदर्शक नळीत पाणी भरले, एक टोक रस्त्यावर धरले, दुसरे ओट्यावर. निघाले काय? इतक्या वर्षांत थरावर थर चढवून रस्ता ओट्यापेक्षा वीतभर उंच झाला आहे! आठवण खरी होती, पण जागा बदलली होती. भरवशाचा ओटा आता पाण्याचे ताट झाला आहे. मग तिथेच ठरले, की पाणी चढले तर म्हाताऱ्यांना आणि लेकरांना शाळेच्या वरच्या मजल्यावर न्यायचे, ओट्यावर नाही.

वाचकहो, मला हेच सांगायचे आहे. नकाशाला माणसांच्या आठवणीची जोड हवी आणि आठवणीला मापाची. एकट्या नकाशावर विसंबलो असतो तर मागची गल्ली सुरक्षित मानली असती. एकट्या आठवणीवर विसंबलो असतो तर पुढच्या पुरात लेकरे ओट्यावर नेऊन बसवली असती.

पुढचा पूर येईल का, असे कुणी विचारेल. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावते, म्हणून पडतो तेव्हा पाऊस एकदम ओततो. १९०१ ते २०१८ या काळात जगभरच्या समुद्राची पातळी सरासरी वीस सेंटिमीटरने चढली. भरतीच्या वेळी मोठा पाऊस आला की नाल्याचे पाणी खाडीत शिरू शकत नाही, ते आपल्या घरात शिरते. उधाणाच्या तारखा आधीच ठाऊक असतात. त्या कॅलेंडरवर लिहून ठेवायला पैसे पडत नाहीत.

मुंबईसाठी २०२० साली पुराचा अंदाज देणारी आयफ्लोज यंत्रणा आली, मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा आला. कुठे पाणी तुंबते, कुठे ऊन जास्त तापते याचे नकाशे झाले. चांगलेच झाले. पण मुंबईचा नकाशा मुंबईच्या हद्दीवर संपतो. खाडीपलीकडे राहून मुंबईचा माल उचलणाऱ्यांचे काय?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. १९४३ साली दामोदर नदीला मोठा पूर आला. त्यानंतर त्यांनी नुसते बांध घालण्याचा विचार केला नाही. सगळे खोरे एकत्र पाहा, पूर, शेती, वीज यांची एकच योजना करा, असा आग्रह धरला. त्यातून १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले. पाण्याला भिऊन चालणार नाही, त्याचे नियोजन केले पाहिजे, ही त्यांची दृष्टी होती. आपल्या वस्तीचे खोरे केवढे? एक नाला, दोन मोऱ्या, चार गल्ल्या. तेवढे तरी आपण एकत्र पाहू या.

आणखी एक. गावाचा नकाशा पूर्वीही होता. आपली जागा त्यात दुसऱ्यांनी ठरवली, गावकुसाबाहेर, बहुधा सखलात. आज रांगोळीचा डबा आपल्या हातात आहे.

आपल्या वस्तीतही हे करता येईल. वर्षावासात एक संध्याकाळ ठेवा. आधी वडीलधाऱ्यांना आणि आयाबहिणींना बोलू द्या. पाणी घरात आले तेव्हा घरी त्याच होत्या. मग नकाशा काढा, गवंड्याकडून उंची तपासून घ्या, आणि तो कागदावर उतरवून तारीख घाला. बहुतेक गावी १ मे रोजी ग्रामसभा असते, म्हणजे पावसाच्या महिनाभर आधी. तिथे तो नकाशा ठेवा आणि मोरी मोकळी करण्याची मागणी लेखी नोंदवून घ्या. "आमच्याकडं पाणी येतं" असे म्हटले तर मान हलवून सोडून देतात. मोरीवर बोट ठेवलेला, सह्यांचा कागद असा सोडून देता येत नाही. आणि घरातले दाखले प्लास्टिकच्या पिशवीत घालून, उंच खिळ्याला आजच टांगा.

निघताना मी विहारात डोकावले. रांगोळी पुसली गेली होती, पण मुलांनी भिंतीवर २००५ च्या पाण्याच्या उंचीला निळी रेघ ओढून खाली साल लिहिले होते. मावशी म्हणाली, "आता कुणी म्हणायला नको, आम्हाला माहीत नव्हतं."

जयभीम!