‘आमचे हे’ आणि ‘उचि नो हितो’

टोकियोतल्या निशी-कासाईच्या आमच्या जपानीच्या वर्गात पेरूची एक बाई येते. १९९० साली जपानने कायदा बदलला, जपानी वंशाच्या परदेशस्थांना इथे राहून काम करायची मोकळीक मिळाली आणि ब्राझील-पेरूमधून कुटुंबंच्या कुटुंबं आली. अशाच एका घरात ती लग्न होऊन आली. तिची स्पॅनिश, माझी मराठी. मध्ये दोघींचं मोडकंतोडकं जपानी. तरी ‘माझं-तुझं’ या प्रकरणात आमचं फार लवकर जुळलं.

जपानीत ‘हात धुते’ एवढंच म्हणतात, कुणाचे ते सांगायचं नाही. स्पॅनिशमध्येही ‘मे लावो लास मानोस’. त्यात ‘माझे’ कुठेच नाही. आपणही ‘हात धुतले’ म्हणून मोकळे होतो. दुसऱ्याचे कशाला धुवू? प्रत्येक हाताला मालक लागतो तो इंग्रजीला. त्यामुळे इंग्रजी माध्यमातून आलेली आपली मुलं वर्गात वाक्यागणिक ‘वाताशि नो’ लावतात: माझा हात, माझा डबा, माझी बायको. शिकवणाऱ्या निवृत्त सेन्सेई एकेक ‘वाताशि नो’ हसतमुखाने खोडत जातात. त्याच मुलांनी मनातल्या मनात मराठीतून वाक्य जुळवलं असतं, तर निम्मी खाडाखोड वाचली असती.

‘नो’ हा आपला ‘चा’च, फक्त लिंगवचनाची कटकट नसलेला. पेरूच्या बाईला ही सुटका माझ्याइतकीच आवडते. तिच्याकडेही ‘आमचं’ म्हणताना ‘नुएस्त्रो’ की ‘नुएस्त्रा’, हे मागून येणारी वस्तू ठरवते. उलट ‘त्याचं’, ‘तिचं’, ‘तुमचं’, ‘त्यांचं’ या सगळ्यांना मिळून एकच ‘सु’. जपानीत ‘कारे नो’ म्हणजे ‘त्याचं’ असं पुस्तक सांगतं खरं, पण रोजच्या बोलण्यात ‘कारे’ म्हणजे प्रियकरही. ऑफिसात ‘ही कारेची छत्री’ म्हणून बघा! शहाणी माणसं सरळ नाव घेतात: तानाका-सानची छत्री.

खरी गंमत पुढे आहे. जपानीत मालकी बऱ्याचदा आदरातूनच कळते. ‘हाहा’ म्हणजे माझी आई आणि ‘ओकासान’ म्हणजे तुमची. नुसतं ‘नामाए’ हे माझं नाव, ‘ओ’ लागून ‘ओनामाए’ झालं की तुमचं. ऑफिसात तर बाहेरच्या माणसाशी बोलताना स्वतःच्या साहेबाच्या नावाचा आदरार्थी ‘सान’ काढून टाकायचा: ‘तानाका बाहेर गेलाय.’ ‘आमचे साहेब’ म्हणत वाढलेल्या मराठी जिभेला हे जड जातं. साहेबाला अरेतुरे केल्यासारखं वाटतं. पण साहेब आपल्या गोटातला, आणि परक्यासमोर आपल्या माणसाला मोठं करायचं नाही, असा इथला हिशेब.

या गोटाला ‘उचि’ म्हणतात. उचि म्हणजे घरही. ‘उचि नो को’ म्हणजे आमचं पोर. आणि ‘उचि नो हितो’, शब्दशः ‘घरचं माणूस’, म्हणजे नवरा! हे ऐकलं तेव्हा मला थेट सदाशिव पेठेतली आत्या दिसली: नाव न घेता ‘आमचे हे’. नवऱ्याला रूढ असलेला दुसरा शब्द ‘शुजिन’. त्याचा अर्थ मालक, म्हणून हल्ली पुष्कळ बायका तो टाळतात. ‘आमच्या मालकांना विचारते’ हे आपल्याकडे गावोगाव ऐकलेलं असल्याने त्यांची चीड मला समजावून सांगावी लागली नाही.

एका बाबतीत मात्र मराठी ही स्पॅनिश आणि जपानी दोघींच्या पुढे आहे. ‘आमचं’ म्हटलं की ऐकणारा बाहेर, ‘आपलं’ म्हटलं की आत. स्पॅनिशचा ‘नुएस्त्रो’ हा भेद करत नाही, आणि ‘उचि’त ऐकणाऱ्याला सहसा जागा नसते. इथे मराठी घरांत खरी भांडणं यावरूनच होतात. ‘आपल्यात असं नसतं’ हे आईचं ठरलेलं वाक्य. परवा शेजारच्या घरी आजी पुण्याहून आल्या होत्या. नात म्हणाली, ‘आपल्याकडे शाळेत मुलंच वर्ग झाडतात.’ आजींनी लगेच दुरुस्त केलं, ‘आपल्याकडे नाही गं, त्यांच्याकडे.’ नात म्हणाली, ‘बरं, मग आमच्याकडे.’