नळांचे गणित

मुलुंड, शनिवार

आज वर्गात हार्डी क्रॉसची पद्धत शिकविली. नळजालाच्या प्रत्येक वेढ्यात प्रवाहाचे प्रथम अनुमान करावे, प्रत्येक सांध्यावर येणाऱ्या व जाणाऱ्या पाण्याचा मेळ राखावा, आणि वेढ्याभोवतीच्या दाबहानीची बेरीज शून्याशी येईतो दुरुस्तीमागून दुरुस्ती करीत जावे, अशी ही 1936 साली प्रसिद्ध झालेली युक्ती विद्यार्थ्यांच्या दफ्तरी मात्र केवळ गुणांची बाब!

भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रातून उपनगरांकडे निघालेले पाणी ज्या बिडाच्या नळांतून वाहते, त्यांच्या गुळगुळीतपणाचा हेझन-विल्यम्स गुणांक नवेपणी 130 धरतात. गंजून तो 100 वर उतरला की तेवढ्याच प्रवाहास दाबहानी दीडपटीहून अधिक होते. उत्तर पाचव्या दशांशापर्यंत स्थिरावले, तरी मुळातला गुणांकच अंदाजपंचे असेल तर त्या दशांशांची मातब्बरी ती काय? शिवाय आमचे गणित नळ सदैव भरलेले मानते. येथे तर पाणी ठरावीक तासांपुरतेच, आणि अंमल झडपा उघडणाऱ्या चावीवाल्याचा.

पुढील सत्रात विद्यार्थ्यांस दाबमापक देऊन या चावीवाल्यामागे धाडावे म्हणतो. वॉर्ड कचेरीस अर्ज लिहिला आहे. त्यावर शेरा काय पडतो, पाहू.