थरांची वही

शहाबादची खाण पाहिलेल्याला सपाट थर समजवावे लागत नाहीत. छिन्नी धारेला लावून टोला दिला की फरशी सरळ सुटते. आमचं अँटेनाचं सॉफ्टवेअर, म्हणजे प्लेनर सॉल्वर, जग असंच मानतं: आडवे थर, प्रत्येकाची जाडी ठरलेली आणि कडा कुठेच नाही.

*

पॅच अँटेना. खाली तांबं, मध्ये १.६ मिमी एफआर-फोर, वर पुन्हा तांबं. २.४५ गिगाहर्ट्झला पॅचची लांबी २९ मिमीच्या आसपास. गुलबर्गा विद्यापीठात यावर बरंच काम झालंय, पोरं तिथलेच प्रबंध चाळतात. पण थ्रीडी सॉल्वरमध्ये ३५ मायक्रॉनचं तांबंही ठोकळा म्हणून काढतात, मग मेश फुगतो.

"सर, रात्रभर चालू ठेवू का?"

अरे, इथं करंट तांब्यात दीड मायक्रॉनही धड उतरत नाही. जाडी शून्य धर. मेश एफआर-फोरच्या जाडीत दे, चार-पाच घरं तरी.

*

सोमरफेल्ड, १९०९. त्याच्यापुढे अँटेना आणि खाली सपाट, अनंत जमीन एवढंच. छापील सर्किट तेव्हा नव्हतंच. तरी प्लेनर सॉल्वर आजही त्याच्याच वाटेनं जातो: मेश फक्त धातूवर, थरांचा हिशेब ग्रीन फंक्शनमध्ये.

*

बिदरची जमीन मात्र ऐकत नाही. वर जांभा, खाली बेसॉल्ट. जांभ्यातून झिरपलेलं पाणी बेसॉल्टवर अडतं; बहामनी काळात नौबादची सुरंग बावी खोदली ती या सांध्याच्या अनुरोधानं. पण तो सांधा वरखाली होतो, मध्ये दगडाची चिकणमाती झालेली. असा थर प्लेनर सॉल्वरमध्ये भरायचा कुठल्या रकान्यात?

*

पॅचच्या मोजणीत २.४५ गिगाहर्ट्झऐवजी २.५० आलं. आठवडाभर मॉडेल उसवलं. शेवटी दोन्ही बाजूंना तांबं असलेला तुकडा कापून त्याची कपॅसिटन्स मोजली. एप्सिलॉन आर, म्हणजे डायइलेक्ट्रिक स्थिरांक, ४.४ धरला होता, निघाला ४.२. बिलावर नुसतं 'एफआर-फोर'.

*

अनंत ग्राउंड धरला की मागे रेडिएशन शून्य. आलेख पाहून पोरं खूश. बोर्ड ६० मिमीचा. लाट कडेवरून वळून मागे जातेच. तेव्हा थ्रीडी रन करायचा, कुरकुर न करता.

*

पोरांपैकी एकाच्या घरी बिदरीचं काम. "सर, चांदीचाच पॅच बसवू का?" जस्ताच्या ओतीवात चांदी ठोकलेली, म्हणजे पॅच थेट ग्राउंडवर. नाही चालणार.

"मध्ये अभ्रक घातलं तर?"

अभ्रकाचा एप्सिलॉन आर सहाच्या आसपास. शनिवारी पत्रा आणतो म्हणालाय.