घर ओढून नेण्याचा हिशेब

शिकागोच्या पश्चिमेकडील बार्टलेट या उपनगरातून, जिथे १९९३ मध्ये जैन मंदिराची प्रतिष्ठा झाली, सकाळी निघालेली गाडी मिशिगन सरोवराच्या दक्षिण टोकाला वळसा घालून इंडियाना राज्यात शिरते आणि अडीच-तीन तासांत एल्कहार्ट गावी पोहोचते. वाटेत घड्याळ एक तास पुढे करावे लागते, कारण एल्कहार्ट पूर्वेकडील वेळ पाळते. सेंट जोसेफ आणि एल्कहार्ट या दोन नद्यांच्या संगमावरचे हे गाव एकेकाळी पितळी वाद्यांसाठी प्रसिद्ध होते. आज अमेरिकेच्या रस्त्यांवर धावणाऱ्या फिरत्या घरांपैकी बहुसंख्य घरे याच परिसरात बनतात.

गावाबाहेर पडले की दोन जगे शेजारी शेजारी नांदताना दिसतात. एका बाजूला मैदानभर उभे असलेले पांढरे ट्रेलर, आणि त्याच रस्त्याच्या कडेने काळ्या बग्गीला जुंपलेला घोडा शांतपणे चाललेला. बग्गी आमिश पंथीयांची. घरी मोटार न बाळगणाऱ्या या समाजातील कित्येक कुशल सुतार दिवसभर याच कारखान्यांत सहलीचे ट्रेलर जोडतात. हा धंदा देशाच्या खिशाशी बांधलेला आहे. हौसेची वस्तू मंदीत पहिली थांबते. २००८-०९ च्या मंदीत कारखाने बंद पडले आणि हा जिल्हा देशातील सर्वाधिक बेकारीच्या भागांत मोजला गेला. पुढे मागणी परतली, तशी मैदानेही पुन्हा भरली.

गावात या घरांचे एक संग्रहालय आहे. त्यात १९१३ सालचा एक लाकडी ट्रेलर जपून ठेवला आहे. त्या काळच्या मॉडेल टी मोटारीने ओढता येईल इतकाच तो लहान आणि हलका. शंभर वर्षांत घरे वाढत गेली, पण मूळ प्रश्न बदलला नाही : ओढणाऱ्याच्या अंगात बळ किती, आणि पाठीवर पेलते किती?

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर हाच प्रश्न घेऊन एक सहा जणांचे कुटुंब एल्कहार्टला आले होते. मुलगा आणि सून शिकागोच्या उपनगरात मसाले आणि डाळींचा घाऊक व्यापार करतात. हिशेबाच्या वह्या सुनेकडे. दोन शाळकरी मुले. आणि सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा. आजोबांना घरात सगळे अण्णा म्हणतात. सांगलीच्या हळद बाजारात त्यांनी चाळीस वर्षे अडतीचा व्यवहार केलेला.

ट्रेलरचा विचार आजींमुळे सुरू झाला होता. मागच्या खेपेस मुलाने हौसेने आई-वडिलांना पश्चिमेकडे नेले, पण वाटेतल्या खाणावळींत कांदा, लसूण, बटाटा टाळून काही मिळेना. मिळाले तर ते सूर्यास्तानंतर. आजींनी तीन दिवस फळे आणि घरच्या खाकऱ्यांवर काढले आणि तक्रारीचा शब्द काढला नाही. तो न काढलेला शब्दच मुलाला डाचत राहिला. या वेळी यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानापर्यंत जायचे ठरले तेव्हा सून म्हणाली, "आईंचे स्वयंपाकघर बरोबर न्यायचे." दुकानाच्या कामाला घेतलेली पिकअप दारात होतीच.

त्या पिकअपला अमेरिकेत 'अर्ध्या टनाची' म्हणतात. नाव जुन्या काळचे आहे. तेथील अर्धा टन म्हणजे १,००० पौंड, सुमारे ४५४ किलो. एके काळी अशा गाड्या तेवढाच माल पाठीवर घेत. आज फोर्ड एफ-१५०, शेव्हरोले सिल्व्हराडो १५०० किंवा रॅम १५०० या वर्गातील गाड्या त्याहून बऱ्याच जास्त पेलतात, पण नाव तेच राहिले. जाहिरातीत मात्र पेलण्याचा आकडा क्वचितच असतो. तिथे ओढण्याचा आकडा असतो, आणि तो डोळे दिपवणारा असतो. या पिकअपच्या माहितीपत्रकावर ११,००० पौंड, म्हणजे जवळजवळ पाच टन, असे छापलेले होते.

विक्रेत्याने त्याच आकड्यावर बोट ठेवले. त्याने दाखवलेला ट्रेलर तेहतीस फुटी होता. मुलांसाठी स्वतंत्र खोली, बटण दाबताच बाहेर सरकणारी बैठक, तीन शेगड्या, उंच फ्रीज. कोरे वजन ६,००० पौंड, भरून जास्तीत जास्त ७,६००. "तुमची गाडी अकरा हजार ओढते. भरपूर फरक राहतो," तो म्हणाला. मुले वरच्या बाकावर चढून बसली होती. मुलाचा विचार जवळपास पक्का झाला होता.

अण्णा ट्रेलरमध्ये गेलेच नाहीत. पिकअपभोवती एक फेरी मारून त्यांनी विचारले, "पासिंग किती?"

सांगलीच्या मार्केट यार्डात मालवाहू गाडीविषयी पहिला प्रश्न हाच असतो. इंजिन किती ताकदीचे हे नंतर. कायद्याने आणि पाट्यांच्या बळाने गाडी माल किती घेऊ शकते, हे आधी. सुनेने चालकाच्या बाजूचे दार उघडले. दाराच्या खांबावर टायरच्या हवेची माहिती देणारी लहानशी चिठ्ठी होती, आणि तिच्यावर एक ओळ : बसणारी माणसे आणि माल मिळून वजन ७७१ किलो अथवा १,७०० पौंडांपेक्षा कधीही जास्त होऊ नये. हा आकडा त्या एका गाडीपुरता असतो. कारखान्यातून बाहेर पडताना तिच्यावर जे जे चढवले गेले, ते वजा करून तो लिहिलेला असतो. म्हणूनच एकाच नावाच्या दोन गाड्यांच्या चिठ्ठ्या निराळ्या निघतात, आणि माहितीपत्रक काहीही सांगो, प्रमाण मानायची ती चिठ्ठीच.

सुनेने वही काढली. जमेला ७७१. मग खर्चाची बाजू. मुलगा ७७, ती स्वतः ६१, मुले ४१ आणि २७, अण्णा ६८, आजी ५७. माणसे मिळून ३३१ किलो. पिकअपच्या मागच्या हौद्यात खुर्च्या, अवजारे, ठोकळे वगैरे ५४. ट्रेलर जोडण्याचा आणि भार वाटण्याचा लोखंडी सांधा ४५. शिल्लक ३४१.

"आणि ट्रेलर?" मुलाने विचारले. "तो तर स्वतःच्या चाकांवर चालणार."

याचे उत्तर बैलगाडीत आहे, आणि ते अण्णांनी दिले. गाडीत माल मागे जास्त भरला की ती उलाळ होते. जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. पुढे जास्त भरला की मान दबते. चांगला गाडीवान माल असा रचतो की जुवावर थोडा भार राहावा, पण मान मोडू नये. ट्रेलरचेही तसेच. त्याच्या एकूण वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार पुढच्या दांडीवरून पिकअपच्या पाठीवर यावा लागतो. त्याहून कमी आला, तर वेगात ट्रेलरचे शेपूट डोलू लागते, आणि ते डोलणे गाडीला रस्त्याबाहेर खेचू शकते. म्हणजे दांडीचा भार टाळता येत नाही, आणि तो चिठ्ठीवरच्या त्या ७७१ किलोंतूनच फेडावा लागतो. ओढण्याचा मोठा आकडा काढताना मात्र गाडीत दीडशे पौंडांची दोनच माणसे धरलेली असतात.

तेहतीस फुटी ट्रेलर भरल्यावर ३,४४७ किलोंचा. त्याचे १३ टक्के म्हणजे ४४८. शिल्लक होते ३४१. तूट १०७ किलोंची.

विक्रेत्याला हिशेब कळला, आणि त्यानेच एक वाट सुचवली. वडीलधाऱ्यांनी विमानाने जावे. ट्रेलर तिथे त्यांची वाट पाहील. आकडेमोड त्याच्या बाजूने होती. अण्णा आणि आजी मिळून १२५ किलो. ते दोघे उतरले की तूट भरून निघत होती आणि १८ किलो उरत होते. आजी लगेच म्हणाल्या, "तसे चालेल. नाहीतर आम्ही घरीच राहतो. मुलांना मोठी खोली मिळू दे."

क्षणभर कोणीच बोलले नाही. सुनेने वहीवर रेघ ओढली. "ज्यांच्यासाठी घ्यायचा, त्यांनाच वजा करून हिशेब जुळवायचा नाही," ती म्हणाली.

पाऊण टनाची मोठी पिकअप घेण्याचा पर्यायही होता. तिच्या पाट्या, धुरे आणि ब्रेक अधिक दणकट असतात. पण दुकानाच्या रोजच्या कामाला ती गरजेपेक्षा मोठी, आणि वर्षातल्या तीन आठवड्यांसाठी बाराही महिने तिचा खर्च सोसणे व्यवहाराला धरून नव्हते. मग शोध उलट दिशेने सुरू झाला. आधी दांडीला परवडणारा भार ३४१ किलो. त्यावरून ट्रेलरचे भरवजन सुमारे २,६०० किलोंच्या आत. आणि त्या आत सहा जणांची निजायची सोय. दुपारपर्यंत चार मैदाने पालथी घातल्यावर तो सापडला. चोवीस फुटी, बाहेर सरकणारी बैठक नसलेला. एक मोठा पलंग, दोन वरखाली बाके, आणि रात्री पलंग होणारे जेवणाचे मेज. भरवजन जास्तीत जास्त ५,५०० पौंड, म्हणजे २,४९५ किलो. दांडीचा भार ३२४.

याही ट्रेलरच्या दाराशी एक चिठ्ठी होती, आत माल किती भरता येईल हे सांगणारी. कोऱ्या वजनात पाणी, भांडी, अंथरुणे, धान्य यांपैकी काहीच धरलेले नसते. चाळीस गॅलनची टाकी भरली की १५१ किलो तिथेच गेले. म्हणून टाकी वाटेत रिकामी ठेवून मुक्कामाला भरायची, असे ठरले. आजींचा लोखंडी तवा, दोन कुकर आणि पिठाचा डबा यांचे वजन सुनेने घरी काट्यावर केले. जड सामान चाकांच्या आसपास, खाली. मागच्या टोकाला काही नाही.

मोठी खोली हुकल्याने मुले थोडी रुसली. पण लहान ट्रेलरचे आणखी दोन गुण पुढे कळून आले. राष्ट्रीय उद्यानांतील कित्येक जुन्या मुक्कामांच्या जागा लांब ट्रेलरसाठी आखलेल्याच नाहीत. आणि साउथ डकोटाच्या उघड्या माळावर आडवा वारा सुटतो तेव्हा ट्रेलरची प्रत्येक बाजू शिडासारखी वागते. शीड जितके लांब, तितका धक्का मोठा.

जूनमध्ये पहिली सहल ठरली. ती जवळची ठेवली होती, कारण नव्या ट्रेलरचे दोष घराजवळ कळलेले बरे. निघताना सगळी भरगाडी महामार्गावरील ट्रकच्या काट्यावर नेली. सहाही जण आपापल्या जागी बसून राहिले. एकदा भार वाटणाऱ्या पट्ट्या सोडून ट्रेलरसकट वजन केले, मग ट्रेलर बाजूला उभा करून पिकअपचे एकटीचे. पावती पौंडांत होती. सुनेने किलो केले. एकटी पिकअप २,८३४, ट्रेलर जोडल्यावर ३,१३४. फरक ३००, तोच दांडीचा खरा भार. ट्रेलरच्या भरवजनाच्या जेमतेम १३ टक्के. पिकअपची मर्यादा ३,१७५.

"एक्केचाळीस किलो शिल्लक," मुलगा म्हणाला. "सायकली घेता आल्या असत्या."

"शिल्लक आहे म्हणून खर्च करायची नसते," अण्णा म्हणाले आणि पावती घडी करून खिशात ठेवली.

इंडियाना ड्यून्स हा सरोवरकाठचा वाळूच्या टेकड्यांचा प्रदेश २०१९ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला. आकाश स्वच्छ असले तर टेकडीवरून पाण्यापलीकडे शिकागोचे मनोरे दिसतात. जूनमध्ये तिथे सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो. नळाचे पाणी टाकीत भरून झाल्यावर आजींनी ते गाळून उकळत ठेवले, आणि सातच्या आत सहा ताटे वाढली : मुगाची आमटी, भात, ज्वारीची भाकरी, वाटाण्याची उसळ. मेज चौघांचे होते, म्हणून मुले दाराच्या पायरीवर बसली. जेवण उरकून सगळे टेकडीवर गेले तेव्हा सूर्य अजून बोटभर वर होता.

जुलैत हेच घर वायोमिंगच्या बिगहॉर्न डोंगरातून २,९४६ मीटर उंचीची पावडर रिव्हर खिंड ओलांडणार होते. त्या उंचीवर इंजिनाचा दम कमी होतो आणि उतारावर खालच्या गिअरचाच आधार असतो. पाठीवर फाजील ओझे असलेल्या गाडीचे पुढचे टायर अशा वेळी हलके पडतात. सुकाणू आणि ब्रेक दोन्ही मंदावतात. अण्णांच्या खिशातली पावती त्या दिवसासाठी होती. आजींनी मात्र त्या संध्याकाळी एकच गोष्ट विचारली : पुढच्या खेपेस पुरणासाठी हरभऱ्याची डाळ दोन किलो जास्त घेतली, तर हिशेबात बसेल ना?