ओबकाठचं नोवोसिबिर्स्क

मॉस्कोपासून सुमारे ३३०० किलोमीटर मागे टाकून गाडी ओब नदीजवळ आली, तेव्हा डब्यात आवराआवर सुरू झाली होती. चादरी आणि उशांचे अभ्रे काढून जो तो डब्यातल्या सेविकेकडे नेऊन देत होता. समोरच्या बर्थवरच्या आजींनी माझा हात धरून मला खिडकीशी ओढलं आणि म्हणाल्या, "ओब!" खाली करड्या पाण्याचं प्रचंड पात्र पसरलं होतं. पूल संपता संपेना. त्या मात्र आपलीच शेती दाखवावी तशा अभिमानाने नदीकडे बघत होत्या.

तो अभिमान रास्तच आहे, कारण नोवोसिबिर्स्क जन्मलं ते या पुलापोटी. ट्रान्स-सायबेरियन रेल्वे ओब कुठे ओलांडणार, हा १८९१ सालचा प्रश्न होता. निकोलाय गारिन-मिखाइलोव्स्की हे इंजिनिअर, आणि रशियन साहित्यात नाव असलेले लेखकही. त्यांच्या पाहणी पथकाने क्रिवोश्चेकोवो गावापाशी जागा हेरली. तिथे नदीचं पात्र अरुंद होतं आणि तळाला खडक होता. १८९३ मध्ये पुलाच्या कामगारांची वस्ती उभी राहिली, १८९७ मध्ये पूल वाहतुकीला खुला झाला. वस्तीचं नोवोनिकोलायेव्स्क झालं आणि १९२६ मध्ये नोवोसिबिर्स्क. १९६२ पर्यंत लोकसंख्या १० लाखांवर गेली. आज ती १६ लाखांहून अधिक आहे; मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्गनंतर रशियात याचाच नंबर लागतो.

जुन्या पुलाचा एक गाळा नदीकाठच्या बागेत जपून ठेवलाय. मी त्याच्या पोटाखाली जाऊन उभा राहिलो. रंगाच्या थरांखालून रिव्हेटांची टोकं बोटांना लागत होती, ओळीने, एकसारख्या अंतरावर. यातली एकेक ठोकणाऱ्या माणसाचं नाव कुठे लिहिलेलं नाही, आणि मला त्या बागेतल्या झारच्या भव्य पुतळ्यापेक्षा हीच टोकं जास्त मोलाची वाटली.

शहर देखणं म्हणावं असं नाही. क्रास्नी प्रॉस्पेक्ट हा मुख्य रस्ता ऐसपैस, दोन्हीकडे सोव्हिएत काळातल्या चौकोनी इमारती. पण लेनिन चौकातलं ऑपेरा आणि बॅले थिएटर पाहून पाय थबकतात. ६० मीटर व्यासाचा काँक्रीटचा घुमट, जाडी जेमतेम ८ सेंटीमीटर, आणि आधाराला मध्ये एकही खांब नाही! महायुद्ध सुरू असताना याच अर्धवट इमारतीत मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयातली चित्रं सुरक्षित ठेवली होती. १२ मे १९४५ रोजी, विजयदिनानंतर अवघ्या तीन दिवसांनी, थिएटरचा पडदा उघडला. उपाशी, थकलेल्या देशाने युद्धाच्या धामधुमीतही ऑपेराचं बांधकाम चालू ठेवलं, हे मला फार मोठं वाटतं.

इथली मेट्रो १९८६ पासून धावते. सायबेरियात दुसरी मेट्रो नाही. तीही ओब ओलांडते, झाकलेल्या पुलावरून. हिवाळ्यात पारा उणे ३०च्या खाली जाणाऱ्या गावात हे आच्छादन हवंच.

शहराच्या दक्षिणेला, बर्च आणि पाइनच्या रानात, अकादेमगोरोदोक आहे. गणितज्ञ मिखाइल लाव्रेन्त्येव्ह यांच्या पुढाकाराने १९५७ मध्ये ही शास्त्रज्ञांची वसाहत उभी राहू लागली. इथेच १९५९ मध्ये दिमित्री बेल्यायेव्ह यांनी कोल्ह्यांवरचा तो प्रसिद्ध प्रयोग सुरू केला. प्रत्येक पिढीतले माणसाला कमी बुजणारे कोल्हे निवडून त्यांचीच पैदास करायची. काही पिढ्यांतच पिल्लं शेपट्या हलवत माणसांजवळ येऊ लागली. हा प्रयोग करणाऱ्या संस्थेसमोर उंदराचा ब्राँझचा पुतळा आहे. चष्मा लावलेला उंदीर सुयांवर डीएनएचा पेड विणतोय. प्रयोगांत जीव गेलेल्या उंदरांची आठवण ठेवावी असं कुणाला तरी वाटलं, त्यामुळे मला या गावाविषयी आपुलकी वाटली.

तिथून मी तोम्स्कची बस पकडली. १६०४ साली वसलेलं, सायबेरियातलं पहिलं विद्यापीठ असलेलं ते नामांकित शहर, पुलाची जागा इथे ठरली तेव्हा, रेल्वेने बाजूला टाकलं होतं. नोवोसिबिर्स्क पाहिल्यावर तोम्स्क न पाहता परतणं मला पटलं नसतं.