खालून येणारी थंडी

भारतातून पाहुणे आले की न्युरेम्बर्गमधल्या आपल्या सगळ्यांची फेरी ठरलेली असते. किल्ला, ड्युररचं घर, हाउप्टमार्क्टवरच्या कारंज्याचं कडं फिरवून मनातली इच्छा मागणं आणि येताना लेबकुखनचे डबे. तिसऱ्या दिवशी शहर संपतं आणि पाहुणे हीटरजवळ खुर्ची ओढून बसतात. शहराला लागून असलेलं जंगल मात्र बहुतेकांचं बघायचं राहून जातं. त्या राइशवाल्डमध्ये पेटर श्ट्रोमर नावाच्या इथल्या व्यापाऱ्यानं १३६८ साली तोडीनं उजाड झालेल्या जागेवर पाइनचं बी पेरलं. ठरवून जंगल लावण्याच्या जगातल्या अगदी जुन्या नोंदींमध्ये ही नोंद धरली जाते. सहाशे वर्षांहून अधिक काळ झाडं जपणाऱ्या या गावात दोन झाडांमध्ये झोळी बांधून पडणं ही उन्हाळ्यातली नेहमीची गोष्ट आहे. पेग्निट्झच्या काठी, व्योर्डर वीजंवर जून महिन्यात जिकडे पाहावं तिकडे हॅमॉक लटकलेले दिसतात.

या हॅमॉकची एक गंमत आहे. आपल्या जर्मानिशेस म्युझियममध्ये मार्टिन बेहाइमचा पृथ्वीगोल आहे, टिकून राहिलेल्या पृथ्वीगोलांपैकी सर्वांत जुना. तो इथेच, १४९२च्या सुमारास तयार झाला. त्यावर अमेरिका नाही, कारण ती युरोपला अजून ठाऊकच नव्हती. त्याच १४९२ साली कोलंबस पलीकडच्या बेटांवर पोचला आणि तिथले लोक टांगलेल्या सुती जाळीत झोपताना त्यानं पाहिले. तिथल्या ताइनो भाषेतला शब्द स्पॅनिशमध्ये ‘हामाका’ झाला. डच आणि जर्मन लोकांनी त्याचा आपल्या कानाला ओळखीचा अर्थ लावून ‘हेंगेमाटं’, म्हणजे टांगती चटई, करून टाकला. मूळ वस्तू उष्ण बेटांवरची. तिथे अंगाखालून वारा खेळणं हेच तिचं सुख. तीच वस्तू ऑक्टोबरात फ्रांकोनियात बांधली, की नेमकं ते सुख अंगावर येतं.

आमच्याकडे हा विषय निघाला तो लेकीमुळे. ती नऊ वर्षांची. वाढदिवसाला मिळालेल्या हॅमॉकमध्ये तिला रात्रभर झोपायचं होतं, आणि तेही आजीबरोबर. आई दहिवडीची, वय सदुसष्ट. बाबा गेल्यानंतर ती पहिल्यांदाच इकडे आली होती. व्हिसा नव्वद दिवसांचा, त्यातले साठ सरले होते आणि तेवढ्या दिवसांत ती खिडकीशी बसून दुपार मोजत होती. रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात दिवा लागलेला दिसे. विचारलं तर म्हणायची, “झोप येत नाही गं, तू झोप.” नातीनं हट्ट धरल्यावर मात्र ती लगेच हो म्हणाली. घाबरले ती मी. दिवाळीच्या आधीचा आठवडा, पहाटे तीन-चार अंश, आणि आईला रक्तदाबाच्या गोळ्या. डॉक्टरांना विचारलं. गोळ्या वेळेवर घ्या आणि गार पडू देऊ नका, एवढंच ते म्हणाले. पण गार पडू द्यायचं नाही म्हणजे नेमकं काय करायचं?

दुकानात गेलं की आधी स्लीपिंग बॅगच्या लेबलवरचे आकडे भेटतात. कम्फर्ट, लिमिट, एक्स्ट्रीम. कम्फर्ट म्हणजे साधारण बाई सैल अंगानं आरामात झोपू शकेल ते तापमान. लिमिट म्हणजे साधारण पुरुष अंग मुडपून रात्र काढेल ते. एक्स्ट्रीम हा फक्त जीव वाचण्याचा आकडा, तो झोपेसाठी नाहीच. घरच्या ज्येष्ठांसाठी आणि मुलांसाठी कम्फर्टच बघावा आणि त्यातही पाच अंश हाताशी ठेवावेत. पण लेबलवर ठळकपणे न लिहिलेली गोष्ट अशी, की हे आकडे खाली मॅट आहे असं धरूनच मोजलेले असतात.

तिथेच हॅमॉकचं सगळं गणित आहे. पिसांची असो वा कृत्रिम धाग्यांची, पिशवीला ऊब येते ती तिच्यात अडकलेल्या हवेमुळे. आपण तिच्यावर झोपलो की पाठीखालची हवा दबून निघून जाते आणि उरतात कापडाचे दोन थर. जमिनीवर निदान खालून वारा येत नाही. हॅमॉकच्या खालून तो अखंड वाहतो आणि अंगाची ऊब घेऊन जातो. म्हणून वरून तीन पांघरुणं घेतली तरी पाठ गारच राहते.

मी हे आईला समजावत होते. तिनं अर्ध्यावरच थांबवलं. “अगं, बाळाला झोळीत घालताना दुपटं आधी खाली घालतात की वरून? पाठीला गार लागलं की लेकरू उठतंच.” मग ती आत गेली आणि बॅगेतून गोधडी घेऊन आली. तेवीस किलोंत जवळजवळ तीन किलो तिचेच. आजीच्या लुगड्यांची, दाट धाव्यांची.

खाली काय घालायचं, याचे दोन मार्ग आहेत. पहिला मॅटचा. साधी फोमची ईझोमाटं स्वस्त आणि भरवशाची, पण हॅमॉकमध्ये ती रात्रभर सरकत राहते. त्यासाठी दुहेरी कापडाचा हॅमॉक घ्यावा, म्हणजे मॅट दोन थरांच्या मध्ये बसते. हॅमॉकच्या कडा खांद्यांना बिलगतात आणि खांदे मॅटच्या बाहेर राहतात, म्हणून मॅट रुंद हवी. हवेची मॅट असेल तर ती टणक फुगवू नये. थोडी सैल ठेवली की पाठीसारखी वळते. मॅटवर आर-व्हॅल्यू लिहिलेली असते. फोमची साधारण दोनच्या आसपास. दोन मॅट एकावर एक ठेवल्या की आकड्यांची बेरीज होते. शून्याच्या जवळ जाणार असाल तर चारच्या पुढे असावी.

दुसरा मार्ग अंडरक्विल्टचा, म्हणजे हॅमॉकच्या बाहेरून खाली टांगलेली रजई. ती वजनाखाली येत नाही, त्यामुळे तिची हवा तशीच राहते. फक्त ती अंगालगत हवी. सैल राहिली तर मधून वारा खेळतो, ताणली तर दबते.

आम्ही आईसाठी दोन्ही केलं. दुहेरी कापडात फोमच्या दोन मॅट आणि बाहेरून गोधडी, चारही कोपऱ्यांना दोरी बांधून.

जागा वीझेंटच्या खोऱ्यातली. न्युरेम्बर्गहून फोर्शहाइम, तिथून छोट्या गाडीनं एबरमानश्टाट आणि पुढे बस. दोन्ही बाजूंना चुनखडीचे सुळके आणि पिवळी पडलेली बीचची झाडं. बायर्नमध्ये जंगलात फिरायला सगळ्यांना मोकळीक आहे, पण मुक्काम ठोकायला परवानगी लागते. परवानगीशिवाय जंगलात किंवा जंगलापासून शंभर मीटरच्या आत शेकोटीही पेटवता येत नाही. म्हणून आम्ही रीतसर कॅम्पिंगची जागा घेतली आणि मालकांना विचारून झाडं निवडली. नदीकाठची नाही, चढावरची. थंड हवा जड असते, ती रात्री उतरून पाण्याशी साचते आणि धुकंही तिथेच बसतं. वीस पावलं वर गेलं तरी फरक कळतो.

बांधायला रुंद पट्टे घेतले, म्हणजे झाडाची साल सोलत नाही. हॅमॉक खुर्चीच्या उंचीवर, दोऱ्या साधारण तीस अंशांत. त्यात लांबीच्या रेषेत न झोपता तिरकं झोपायचं, मग पाठ केळ्यासारखी वाकत नाही. वर ताडपत्री, वाऱ्याच्या बाजूनं जमिनीपर्यंत खाली ओढलेली. झोपण्याआधी पोटात काहीतरी तुपाचं हवं, कारण शरीराची भट्टी जळणावरच चालते. बेसनाचे लाडू होतेच. मग कोरडे मोजे, कानटोपी, आणि मोज्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी मांड्यांमध्ये. तोंड मात्र पिशवीबाहेर ठेवायचं, नाहीतर श्वासाची वाफ आतच मुरते. आणि रात्री लघवीला जावंसं वाटलं तर उठायचं, अडवून धरून थंडी कमी वाटत नाही.

मी शेजारच्या तंबूत होते, कान बाहेर ठेवून. साडेनऊपर्यंत आजी-नातीच्या गप्पा. दहिवडीच्या बाजूचे धनगर मेंढरांमागे रानात कसे झोपतात, खाली घोंगडं आणि वर घोंगडं, हे आई सांगत होती. मग आवाज थांबले. एकदा दीड वाजता आणि एकदा चार वाजता मी टॉर्च घेऊन गेले आणि पाठीखाली हात घालून पाहिला. कोमट होती. आई घोरत होती. साठ दिवसांत मी तो आवाज ऐकला नव्हता.

सकाळी गोधडीची खालची बाजू दवानं ओली झाली होती. सुती कापड पाणी धरतं, त्यामुळे ती सलग दुसऱ्या रात्री चालली नसती. “घोंगडं असतं तर भिजूनही ऊब दिली असती,” आई म्हणाली. आम्ही गोधडी हीटरवर वाळवली. ती आता इथेच आहे. जाताना आईनं ती नातीच्या पलंगावर, चादरीच्या खाली अंथरली.

पुढच्या वर्षी तुमच्याकडे कुणी येणार असेल तर मे महिना निवडायला हरकत नाही. फक्त मेच्या मध्यावर इथे ‘आइसहायलिगे’ नावाचे थंडीचे दिवस येतात, तेव्हा जर्मन माळीसुद्धा टोमॅटोची रोपं बाहेर लावत नाहीत. ते सरले की दोन चांगली झाडं बघा. पिशवी कितीचीही घ्या, पण तिची किंमत विचारण्याआधी खाली काय घालणार ते ठरवा.